लेकराचा दगड

मोजणीदाराला गावात कोणी आनंदानं बोलावत नाही. डॉक्टर आला तर घरात चहाचं आधण चढतं, मास्तर आला तर खुर्ची पुसली जाते. मोजणीदार आला की भाऊ भावाकडं पाठ करून उभा राहतो. मी हे काम हिंगोली आणि आसपासच्या तालुक्यांत आयुष्यभर केलं. या अंकाच्या संपादकांनी ‘कामाचे अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा पहिल्यांदा मला त्या सगळ्या पाठीच आठवल्या. त्यांच्यामागून एका बाईचा चेहरा आठवला आणि मग दुसरं काही लिहावंसं वाटेना. पण तिच्याबद्दल सांगायचं तर आधी आमचं काम काय असतं ते सांगावं लागेल.

शेताची हद्द कुठं आहे यावरून दोघांचं बिनसलं की त्यातला एक जण ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करतो. आम्ही लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटिसा देतो आणि ठरल्या दिवशी जाऊन उभे राहतो. माझ्या सुरुवातीच्या काळात सोबत साखळी असायची, लाकडी फळा असायचा, काठीला बांधलेले झेंडे असायचे. आता पोरं यंत्र खांद्यावर टाकून येतात आणि थेट उपग्रहाला विचारतात. प्रश्न मात्र तोच राहिला आहे: मोजायला सुरुवात कुठून करायची? बांधावर भरवसा ठेवता येत नाही, कारण बांध चालतो. दर पेरणीला नांगराचं एक तास, म्हणजे एक रेघ, इकडून तिकडं जातं आणि एका माणसाच्या हयातीत बांध चार पावलं सरकून बसतो. म्हणून मोजणीदार आधी जुना दगड शोधतो, सरकारनं कधीकाळी रोवलेला. एक दगड खात्रीचा मिळाला की अख्खं शेत त्याच्यावरून उभं करता येतं.

दगडाचं महत्त्व शेतकऱ्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. कनेरगाव नाक्याला रस्त्यालगत एका ढाबेवाल्याच्या शेतात मोजणीला गेलो होतो. चुलतभावानं अर्ज केला होता. आम्ही पोचलो तर ढाबेवाला बरोबर हद्दीच्या दगडावर बाज टाकून आडवा झालेला. ‘उठा,’ म्हटलं तर म्हणाला, ‘सायब, कंबर धरली. लई तकलीफ हाये.’ बारा वाजले, एक वाजला, कंबर काही सुटेना. शेवटी चुलतभावाच्या घरून पिठलं-भाकरीचं ताट आलं, आणि वास लागल्याबरोबर हा गडी टुणकन उठून हात धुवायला गेला. आम्ही बाज उचलली, साखळी लावली, आणि तो जेवून येईपर्यंत मोजणी पुरी केली. जेवताना दोघे भाऊ शेजारी बसले होते, ते पाहून बरं वाटलं होतं.

आमचे निमतानदार, म्हणजे आमच्या मोजणीची फेरतपासणी करणारे साहेब, मोठे जाणते होते. त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, बांधाच्या टोकाला शेंदूर फासलेला दगड दिसला तर चप्पल काढायची, हात जोडायचे आणि मग त्याच दगडाला साखळी लावायची. हद्दीचा दगड शेजाऱ्यानं उपटू नये म्हणून शेतकरी त्याला शेंदूर लावून ठेवतो. माणसाला न भिणारा शेजारी देवाला भितो. हे मी कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत इतक्या शेतांत खरं ठरलेलं पाहिलं की पुढं पुढं मी विचारायचंच सोडून दिलं. शेंदूर दिसला की हद्द, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता हिंगोलीबद्दल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. इथं खोली शोधायला आलो तर कोणी सांगे पलटणीत बघा, कोणी सांगे रिसाल्यात बघा, एक म्हातारा म्हणाला तोफखान्यात हवेशीर आहे. मला वाटलं इथं मोठी लढाई झाली असावी. लढाई नव्हे, छावणी होती. निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज या गावात राहत होती. घोडदळ जिथं राहिलं तो रिसाला, पायदळ जिथं राहिलं ती पलटण, तोफा होत्या तो तोफखाना, आणि नोकरी संपलेल्या शिपायांनी जिथं घरं बांधली तो पेन्शनपुरा. फौज जाऊन शंभरावर वर्षं झाली. तिथं आता झेरॉक्सची दुकानं आहेत, दवाखाने आहेत, आणि त्या नावांचा अर्थ विचारला तर लोक आपल्याचकडं पाहतात.

मला त्या छावणीचा नाद लागला तो दगडांमुळं. छावणीच्या हद्दीचे दगड शेतातल्या दगडांसारखे नसतात. घडीव काळा दगड, वर बाणाची खूण, खाली आकडा. ते कुठं कुठं सापडले ते सांगितलं तर खोटं वाटेल. एक पिठाच्या गिरणीची पायरी झाला होता. एकावर एका घरची तीन पिढ्यांची धुणी धुतली गेली होती, आकडा पार गुळगुळीत. मी रविवारी सायकल घेऊन निघायचो आणि जो दगड जागेवर असेल त्याची वहीत नोंद करायचो. आमची मंडळी म्हणायची, ‘लोकांचे नवरे बायकोला बागेत नेतात, तुम्ही नालीतला दगड दाखवता.’ तरीही ती यायची. वहीत एकेक आकडा भरत गेला आणि शेवटी एकच राहिला, चौदा.

त्याच सुमाराला माझ्याकडं एक प्रकरण आलं. वाशीमकडच्या अंगाला, छावणीच्या जुन्या हद्दीला लागून दोन जमिनी होत्या. एक एका बड्या शेतकऱ्याची, अर्ज त्याचाच. दुसरी मारोती नावाच्या मेंढपाळाची. पडीक जमीन, एका कडेला मेंढरं कोंडायची जागा आणि मध्ये एक विहीर. ती विहीर नेमकी कोणाच्या बाजूला येते हाच वाद होता. टिपणात, म्हणजे आमच्या जुन्या मोजणीच्या कागदात, स्पष्ट लिहिलं होतं की दोघांमधली हद्द छावणीच्या चौदा नंबरच्या दगडापासून सुरू होते. ते वाचून मला जो आनंद झाला तो मोजणीदाराचा नव्हता, नाद लागलेल्या माणसाचा होता. हे मला आज कबूल केलं पाहिजे.

मे महिन्याचं ऊन होतं. मारोती मेंढरं घेऊन दूर चराईला गेला होता. जागेवर त्याची बायको एकटी होती, गयाबाई, तिशी-पस्तिशीची, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. जमिनीच्या टोकाला कमरेएवढा एक दगड उभा होता, शेंदरानं लिंपून लिंपून पार गोल झालेला, पुढ्यात पणती. मी चप्पल काढली, हात जोडले आणि मनात म्हटलं, सापडला चौदा.

‘हा दगड कधीपासून आहे, बाई?’

‘माह्या सासूच्या आजेसासूपासून.’

‘हद्दीचा आहे ना?’

‘न्हाई, सायब. लेकराचा हाये.’

तिनं सांगितलं, घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बाळंतीण त्याला इथं आणून टेकवते. मेंढी व्याली की पहिलं दूध इथं. मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात निमतानदारांचं बोलणं फिरत होतं. गावोगावी हद्दीच्या देवाला असंच काही ना काही करतात. ‘कोणाच्या लेकराचा?’ हा एक प्रश्न विचारायला हवा होता. चार शब्दसुद्धा नाहीत. मी म्हणालो, ‘देवाचं राहू द्या बाई, हद्दीचं सांगा.’

आकडा दिसावा म्हणून मी शिपायाला शेंदूर खरवडायला सांगितलं. ती हात पसरून आडवी झाली. ‘खरवडू नका. लेकराला लागंल.’ शिपाई हसला. मी त्याला मागं बोलावलं आणि स्वतःला समजावलं की लोकांच्या भावनेचा मान राखला. खरं तर आकडा पाहायची मला गरजच वाटत नव्हती. टिपणावरून खरा दगड वीसेक फूट पलीकडं, नाल्याच्या काठी येतोय असं एकदा वाटलं होतं. पण तिथं वेड्या बाभळीचं रान माजलेलं होतं, ऊन डोक्यावर होतं, आणि शेंदूर लावलेला दगड समोर उभा होता. टिपणं जुनी असतात, साखळीत दोन-चार आण्यांचा, म्हणजे काही फुटांचा, फरक निघतोच, असं म्हणून मी साखळी लावली.

मोजणी झाली. विहीर नऊ फुटांनी शेजाऱ्याच्या बाजूला गेली.

मग जबाब. जबाब लिहिण्याची रीत अशी, की समोरचा बोलतो तसं लिहायचं, लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं, त्यानं बरोबर म्हटलं की खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. मी लिहिलं: ‘सदर शेंदूर लावलेला दगड छावणीच्या हद्दीचा असून आम्ही पूर्वापार तो हद्द म्हणूनच मानतो.’ लेकराचा दगड असं लिहिलं असतं तर वर बसलेल्यांनी प्रकरण परत पाठवलं असतं. त्या आठवड्यात आणखी दोन मोजण्या होत्या. मी तिला वाचून दाखवलं नाही. शाईची डबी पुढं केली, तिनं अंगठा उठवला.

अंगठा पदराला पुसत तिनं विचारलं, ‘माहं बोलनं लिवलं का, सायब?’

‘लिहिलं,’ मी म्हणालो.

संध्याकाळी वहीत चौदापुढं बरोबरची खूण केली. घरी पेढे नेले होते हेही आठवतं.

महिन्याभरानं मारोती कचेरीत आला. फेटा काढून हातात धरलेला, उंच माणूस. कोणीतरी त्याला कागद दाखवला आणि सांगितलं, तुमच्याच मालकिणीनं कबूल केलंय, हा बघा अंगठा. तो बराच वेळ त्या निळ्या ठशाकडं पाहत राहिला. मी माझ्या टेबलाशी होतो, मान वर केली नाही. त्यानं त्या जबाबाची नक्कल मागून घेतली, घडी करून फेट्यात ठेवली आणि गेला. पुढं ऐकलं की विहिरीवर शेजाऱ्यानं पंप बसवला आणि ते कुटुंब जमीन सोडून शिरड शहापूरला बाईच्या माहेरी गेलं. मेंढरांना पाणी नसेल त्या जागेवर मेंढपाळ थांबून काय करणार? मला वाईट वाटलं. पण कागद बरोबर होता, आणि मी कागदाचा माणूस होतो.

आता अलीकडचं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. माझ्या वहीमुळं शाळांतून बोलावणी येतात, मुलांना पलटण, रिसाला दाखवत फिरतो, पेपरात एकदा फोटोही आला. गेल्या पावसाळ्यात सुधाकरचा फोन आला. सुधाकर म्हणजे त्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा. बाप वारला, आणि यानं मारोतीची जमीनही विकत घेऊन दोन्ही जमिनींवर प्लॉट पाडायला घेतले आहेत.

‘काका, देवाचं कवच गळलं,’ तो म्हणाला. ‘आत इंग्रजी हाये.’

शेंदूर आणि तेल वर्षानुवर्षं लागत गेलं की त्याचा जाड थर होतो, आणि एक दिवस तो थर आपल्या वजनानं सुटून पडतो. त्याला कवच गळणं म्हणतात. ते कुटुंब गेल्यावरही सुधाकरचा बाप दर अमावास्येला त्या दगडाला शेंदूर लावत होता, हद्द हलू नये म्हणून. मी वही घेऊन धावत गेलो. इतक्या वर्षांनी चौदाचा आकडा डोळ्यांनी पाहायला मिळणार होता.

कवचाचे तांबडे तुकडे खाली पडले होते. दगड काळा नव्हता, पिवळसर होता. बाण नव्हता. डिझेलचा बोळा हळूच फिरवला तशी अक्षरं उमटली. वर एक कोवळी वेल कोरलेली. तिच्याखाली नाव, रोझ. बापाच्या नावाच्या जागी दगडाचा पापुद्रा सुटून गेला होता. त्याखाली वय, अकरा महिने.

सुधाकर विचारत होता, ‘काय लिहिलंय, काका?’ मी बोळा त्या नावावरून पुन्हा एकदा फिरवला. लेकराचा दगड लिहिलंय, असं त्याला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन एकटा गेलो. तेराच्या दगडापासून टिपणाप्रमाणं नाल्याच्या काठापर्यंत आलो. वेडी बाभूळ प्लॉटसाठी आधीच काढलेली होती. खुरप्यानं चार बोटं माती उकरली आणि काळा घडीव दगड लागला. बाण होता, चौदा होता. आकडा अगदी स्वच्छ. तिथून डोळ्यांनीच रेघ मारली तरी कळत होतं. विहीर मारोतीची होती, पुरी मारोतीची. आता ती मुरुमानं बुजवलेली आहे आणि वर विजेचा खांब उभा आहे. मी त्या खांबाशी बसलो तो सुधाकर येऊन हाक मारेपर्यंत उठलो नाही.

सुधाकर वाईट माणूस नाही. त्यानं साफ सांगितलं, ‘काका, हा दगड रस्त्यात येऊन राहिला. दिवाळीनंतर जेसीबी लावायचा हाये. लेकराची कबर हाये म्हणता, तर ज्या घरानं ती सांभाळली त्यांच्याकडून लेखी आणा. मी कोपरा सोडतो. नुसत्या तुमच्या वहीवर नकाशा न्हाई बदलत.’

म्हणजे त्या मुलीचा दगड वाचवायचा तर मला गयाबाईचा जबाब लागणार होता. तोच जबाब, जो तिनं एकदा तोंडानं दिला होता आणि मी लिहिला नव्हता. दोन एसट्या मी बसस्टँडवर बसून जाऊ दिल्या, तिसरीत चढलो.

शिरड शहापूरला त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याचं, पुढं अंगण, कडेला सात-आठ मेंढरं. गयाबाई ओट्यावर लोकरीचा गुंता सोडवत बसली होती. केस पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं. तिचा मुलगा नामदेव, चाळिशीचा, बापासारखाच उंच, त्यानं पाणी दिलं आणि कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, कवच गळल्याचं सांगितलं आणि म्हणालो, ‘मावशी, तुमचा जबाब पाहिजे.’

तिचे हात थांबले. ‘अंगठा देनार न्हाई मी.’

‘तिला अंगठा मागू नका, सायब,’ नामदेव म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण आत जुना राग होता. ‘एकदा देला तर इहीर गेली. बाप त्याच घोरात गेला. आता काय घेऊन जाता?’

तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी घेऊन आला. घड्यांवर विरलेला, मागून पारदर्शक कागद चिकटवलेला. मारोतीनं फेट्यातून नेलेली नक्कल. ‘बाप पाव्हन्यारावळ्यांना काढून दाखवायचा,’ नामदेव म्हणाला. ‘म्हनायचा, पाहा, घरच्या लक्षुमीनं देली लिहून इहीर.’

गयाबाई लोकरीकडं पाहत म्हणाली, ‘मरेस्तोर त्याच्या बापानं मला कोन्या कागदाला हात लावू देला न्हाई. राशनच्या बी न्हाई.’

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की माझ्या हातून नऊ फूट जमीन आणि एक विहीर गेली. एका बाईला तिच्याच घरात खोटी ठरवून मी निघून आलो होतो, हे मला त्या ओट्यावर कळलं. सगळी वर्षं ती त्या एका अंगठ्याखाली राहिली होती. मला तिच्या डोळ्यांकडं पाहता येईना.

मी कागद हातात घेतला. नक्कल झेरॉक्स होती, अक्षर माझंच. वळणदार, सुबक, ज्याचं साहेब लोक कौतुक करायचे.

‘नामदेव,’ मी म्हणालो, ‘यातला एकही शब्द तुझ्या आईचा नाही. ती म्हणाली होती, दगड लेकराचा आहे. मी हद्दीचा लिहिला. तिला वाचून दाखवला नाही. तिनं विचारलं, माझं बोलणं लिहिलं का, तर मी खोटं सांगितलं, लिहिलं म्हणून. परवा खरा दगड सापडला. विहीर तुमची होती.’

नामदेव माझ्यावर धावून आला असता तरी मी हललो नसतो. पण त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो आईकडं वळला.

‘मंग तू काहून सांगितलं न्हाईस, माय?’

‘सांगितलं व्हतं, बाबा,’ ती म्हणाली. ‘तुह्या बापाला सांगितलं. तू मोठा झाला तवा तुला बी सांगितलं. तुमी कागद पाह्यला.’

नामदेव आईच्या पायाशी ओट्याच्या कडेवर बसला आणि तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंता हातात घेऊन उगाच चाळत राहिला.

मग तिनंच मला म्हटलं, ‘लिवा.’

या वेळी मी तो प्रश्न विचारला. कोणाचं लेकरू?

‘गोऱ्याचं. माह्या सासूच्या आजेसासूचं अंगावरचं लेकरू गेलं व्हतं. छावनीतली मडम आजारी, तिला दूध न्हाई. मंग हिनं पाजलं तिच्या पोरीला. लई गुटगुटीत झाली म्हनत. मंग सांथ आली अन् पोरगी गेली. तिला आमच्या रानात काहून पुरलं ते मला ठावं न्हाई, सासूला बी न्हाई. पलटन गेली तवा मडम सांगून गेली, इथं दिवा लावत जा. तवापासून लावला. शेंदूर कोनी लावला, कधी लावला, कोनाला ठावं. आमच्या घरच्या दुधाचं लेकरू, म्हनून आमची लेकरं तिथं नेऊन टेकवतो. लिवलं?’

मी लिहीत होतो. लिहून झाल्यावर रीतीप्रमाणं वाचून दाखवायला लागलो. ‘सदर दगड ही छावणीतील इंग्रज मुलीची कबर असून,’ इथं तिनं मला थांबवलं.

‘असं म्या म्हनलं व्हतं का?’

‘नाही.’

‘मंग?’

मी ते खोडलं. ‘तो लेकराचा दगड आहे’ असं लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून मान हलवली आणि म्हणाली, ‘बराबर.’ सवयीनं मी शाईची डबी काढली. तिनं ती एका बोटानं बाजूला सारली.

‘पेन द्या. नातीकडून शिकले म्या. त्याचा बाप गेल्यावर.’

तिनं कागद गुडघ्यावर घेतला आणि गयाबाई ही चार अक्षरं लिहायला जितका वेळ लागतो त्याच्या दहापट वेळ घेऊन लिहिली. मध्ये एकदा थांबून आधीच्या अक्षराकडं पाहिलं. नामदेव वाकून बघत होता.

पुढचं इथंच सांगून टाकतो. सुधाकरनं शब्द पाळला. रस्ता हातभर वळवला आणि कोपरा सोडला. त्या कोपऱ्याची मोजणी मी स्वतः केली, जुन्या साखळीनं, आणि वहीत चौदापुढची जुनी खूण खोडून खरी जागा लिहिली. विहीर परत आली नाही, येणारही नाही. शाळेच्या मुलांना आता तिथं नेतो तेव्हा छावणीबद्दल थोडं बोलतो आणि माझ्या चुकीबद्दल जास्त. गुरुजी लोकांना ते आवडत नाही.

पण त्या दिवशी मी सही झालेला कागद पिशवीत ठेवायला लागलो तेव्हा गयाबाई म्हणाली, ‘थांबा. आत या.’

आतल्या भिंतीवर मारोतीचा फोटो होता, फेटा बांधलेला, हार घातलेला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग नामदेवकडं हात करून म्हणाली, ‘वाच. मोठ्यानं वाच. त्यांना ऐकू गेलं पायजे.’

नामदेव वाचायला लागला. दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज गेला. तिनं वाट पाहिली, आणि तो गप्पच राहिला तेव्हा फोटोवरची नजर न काढता पुढचं तीच सांगत गेली, शब्दाला शब्द, जसं मला सांगितलं होतं तसं.